झेरॉक्सचं दुकान, सायबर कॅफे, ऑफिसचा कॉमन पीसी: आपला आणि कंपनीचा डेटा मागे राहू नये म्हणून काय काय करायचं

कराडला तहसील कचेरीजवळ माझ्या मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथे काउंटरला बसायचो, दाखल्यांचा सीझन म्हणजे जून-जुलै, तेव्हा तर सकाळी नऊपासून उभं राहायला जागा नसायची. रोज रात्री पीसी बंद करायच्या आधी माझं एक काम ठरलेलं, डाउनलोड्स फोल्डर रिकामा करायचा. त्यात सगळं असायचं, आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, दहावीचं मार्कशीट, एकदा एका बाईंचे दवाखान्याचे रिपोर्ट होते आणि एकदा कुठल्यातरी फॅक्टरीच्या सगळ्या कामगारांची पगाराची एक्सेल शीट, बँक खात्यांच्या नंबरसकट. ब्राउझर उघडला की कुणाचं ना कुणाचं जीमेल चालूच. या लोकांना कुणी हॅक केलं नव्हतं, एसटी लागलेली असायची, साहेब जेवायला जायच्या आत कागद द्यायचा असायचा, प्रिंट हातात पडली की पळाले.

आता मी पुण्यात एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे आणि तिथेही नव्वद टक्के हेच बघतो, फक्त कागद वेगळे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, बाकी वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या मशीनपर्यंत फाईल न्या, खातं नेऊ नका. एक प्रिंट काढायला आपण अख्खं जीमेल उघडतो, म्हणजे दहा वर्षांचे मेल, ड्राइव्ह, फोटो, सगळं त्या मशीनवर उघडं करतो, आणि लागत असतो फक्त एक पानाचा पीडीएफ.

फाईल न्यायची कशी

माझ्या मते सगळ्यात बरा मार्ग म्हणजे एक छोटा पेन ड्राइव्ह, फोनला लागणारा ओटीजीवाला, आता टाइप सीचे सहज मिळतात. घरून निघताना त्यात फक्त ती एक फाईल टाकायची. लग्नाचे फोटो, ऑफिसचा बॅकअप, पासवर्डची वर्ड फाईल असलं काही असलेला पेन ड्राइव्ह दुकानात लावायचा नाही, कारण लावल्यावर कॉपी व्हायला काही सेकंद पुरतात आणि तुम्ही समोर उभे असलात तरी कळत नाही. प्रिंट झाली की घरी येऊन तो फॉरमॅट करायचा. आणि दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह कंपनीच्या लॅपटॉपला तर अजिबात लावू नका, ते फोल्डरचे शॉर्टकट होऊन बसणारे व्हायरस अजूनही फिरतायत, मी दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी केस बघतो. मायक्रोसॉफ्टने २०११ च्या फेब्रुवारीत जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हचं ऑटोरन, म्हणजे लावताच त्यातलं काहीतरी आपोआप चालू होणं, बंद करणारा अपडेट दिला, पण शॉर्टकटवर आपणच डबल क्लिक केलं तर तो अपडेट काय करणार.

दुसरा मार्ग दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर किंवा मेलवर फाईल पाठवायची. सोयीचं आहे, आपलं खातं उघडावं लागत नाही, म्हणून लॉगिन करण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण ती फाईल आता दुकानाच्या फोनमध्ये, दुकानाच्या पीसीवर आणि चॅटमध्ये अशी तीन ठिकाणी आहे हे लक्षात घ्या. प्रिंट झाल्यावर दुकानदाराला सरळ सांगा, दादा तेवढी फाईल डिलीट करा माझ्यासमोर. चांगला दुकानदार रागवत नाही, मामाला कुणी म्हटलं की तो करून द्यायचा. आपल्या बाजूने डिलीट फॉर एव्हरीवन करायला साधारण अडीच दिवस मिळतात, ते जरूर करा, पण पीसीवर उतरलेली फाईल त्याने जात नाही, ती हाताने रिसायकल बिनमधूनही काढावी लागते. शिफ्ट धरून डिलीट दाबलं की थेट जाते. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून कुणी ती परतही आणू शकतो, पण सहज मागून येऊन बसणाऱ्याच्या हाती तरी लागत नाही.

फोन थेट केबलने दुकानाच्या पीसीला जोडून देणारे खूप लोक आहेत, तेवढं प्लीज टाळा. फोनवर फाईल ट्रान्सफर निवडलं की अख्खी गॅलरी समोर उघडते, घरातल्या बायकामुलांचे फोटो, स्क्रीनशॉट, आणि हल्ली स्क्रीनशॉटमध्ये तर एटीएम कार्डाचे फोटो पण असतात. चार्जिंगसाठी कुठे जोडलात तर फोन विचारेल तेव्हा फक्त चार्जिंग निवडा.

आधारची प्रिंट काढताना

इथे जरा थांबून बोलतो कारण गावाकडे सगळ्यात जास्त प्रिंट ह्याचीच निघते. आधारची वेबसाइट उघडून डाउनलोड करताना मास्क्ड आधार पाहिजे का असा एक पर्याय येतो, त्यावर टिक केलं की पहिले ८ आकडे झाकलेले आणि फक्त शेवटचे ४ दिसणारे कार्ड मिळतं. लॉजला, सिमकार्डला, सोसायटीत भाडेकरू म्हणून द्यायला आधी हे पुढे करा, काही ठिकाणी पूर्ण आधार मागतात तिथे द्यावंच लागतं, पण विचारून बघायला काय जातं.

डाउनलोड केलेल्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. हे सगळ्यांना माहीत आहे, वेबसाइटवरच लिहिलेलं असतं. आणि तुम्ही त्याच दुकानात त्याच दिवशी पॅन कार्डाची पण प्रिंट काढली असेल तर नाव आणि जन्मतारीख त्यावर छापलेलीच आहे, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच फोल्डरमध्ये. आधारवाल्यांनी स्वतः सांगितलंय की ई-आधार डाउनलोड करायला सायबर कॅफेतला किंवा सार्वजनिक पीसी टाळा आणि केलंच तर उतरलेल्या सगळ्या कॉपी कायमच्या डिलीट करा. त्यापेक्षा फोनवर घरी डाउनलोड करा, डिजिलॉकर आहे, एम-आधार आहे, फोनवर उघडून एक पीडीएफ तयार ठेवा.

कागदाचंही बघा. झेरॉक्स मारल्यावर मूळ कार्ड काचेवरच राहतं, आमच्या गल्ल्यात नेहमी पाच-सहा कार्डं पडलेली असायची, लोक चार दिवसांनी शोधत यायचे. आणि तिरकी आलेली, काळी पडलेली, अर्धी निघालेली कॉपी दुकानात सोडून येऊ नका, ती मागच्या बाजूने हिशेब करायला वापरतात, नंतर रद्दीत जाते आणि रद्दीतून कुठेही. खराब कॉपी पण मागून घ्या, घरी फाडा. चांगल्या कॉपीवर कुठल्या कामासाठी दिली ते आणि तारीख टाकून आडवी सही करायची सवय लावा, सही अशी की छापील मजकुरावरून गेली पाहिजे, कोपऱ्यातली सही कापून टाकता येते.

व्हॉट्सॲप वेब

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान ह्याने होतं. फाईल व्हॉट्सॲपवर आलेली असते, दुकानदार म्हणतो क्यूआर स्कॅन करा, आपण करतो, फाईल उतरवतो, प्रिंट घेतो आणि टॅब बंद करून निघतो. टॅब बंद केला म्हणजे लॉगआऊट झालं नाही! पुढचा माणूस तीच साइट उघडतो आणि तुमचे सगळे चॅट समोर.

पूर्वी व्हॉट्सॲप वेबला फोनचं नेट चालू लागायचं, २०२१ पासून ते बदललं, आता फोन बंद असला, तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात असलात तरी तो पीसी स्वतंत्रपणे तुमचे मेसेज घेत राहतो. फोनशिवाय अजून ४ डिव्हाइस जोडता येतात. फोन १४ दिवस वापरलाच नाही तर जोडलेली डिव्हाइस आपोआप तुटतात, पण फोन आपण रोज वापरतो, म्हणजे ते आपोआप तुटायची वाट बघण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एका माणसाच्या घरात यावरून मोठं भांडण झालं होतं, त्याचे मेसेज दुकानातल्या पोरांनी वाचून बाहेर सांगितले होते, त्याला तीन आठवडे पत्ताच नाही की हे कुठून फुटतंय.

तर करायचं असं. स्कॅन करायच्या आधी त्या पानावर या ब्राउझरवर लॉगिन राहू द्या अशा अर्थाची टिक असते ती काढा. काम झालं की पीसीवरच मेन्यूत जाऊन लॉगआऊट करा. आणि मग दुकानाच्या पायरीवर उभं राहून फोनमध्ये बघा, अँड्रॉइडला वरचे तीन टिंब आणि मग लिंक्ड डिव्हायसेस, आयफोनला सेटिंग्जमध्ये. तिथे जोडलेल्या मशीनची यादी आणि शेवटचं कधी चालू होतं ते दिसतं, ओळखीचं नसेल त्यावर बोट ठेवून लॉगआऊट. हे वाचताय तर आत्ताच एकदा उघडून बघा, आणि आईवडिलांचा फोन पण घेऊन बघा, त्यांच्या फोनमध्ये मला दोनदा मागच्या वर्षीचं डिव्हाइस सापडलंय.

मेलमध्ये लॉगिन करावंच लागलं तर

कधी इलाज नसतो, फोन बंद पडलाय, पेन ड्राइव्ह नाही, मुलाखतीचं कॉल लेटर पाहिजे. तर आधी गेस्ट विंडो किंवा इनकॉग्निटो उघडा, क्रोम आणि एजला कंट्रोल शिफ्ट एन, फायरफॉक्सला कंट्रोल शिफ्ट पी. मात्र ह्याचा उपयोग किती ते नीट समजून घ्या. सगळ्या इनकॉग्निटो खिडक्या बंद केल्या की हिस्ट्री आणि लॉगिन जातं, बस. उतरवलेली फाईल तशीच राहते, कीबोर्डवर काय दाबलं ते नोंदवणारं काही त्या पीसीत असेल तर ते नोंदवतंच, आणि मागे उभा असलेला माणूस बघतोच.

मागच्या माणसावरून आठवलं, सायबर कॅफेसाठी २०११ चे सरकारी नियम आहेत, त्यात पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको आणि पार्टिशनमध्ये नसलेल्या पीसीचे स्क्रीन बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवायचे असं आहे. गैरवापर होऊ नये म्हणून ते योग्यच आहे, पण त्याचा अर्थ असा की कायद्यानेच तुमचा स्क्रीन बाकीच्यांना दिसणार आहे. त्याच नियमांत कॅफेवाल्याने कुठल्या पीसीवरून कुठल्या साइट उघडल्या त्याची नोंद किमान एक वर्ष ठेवायची आहे. म्हणून बँक, डिमॅट, पीएफ असलं काही तिथे उघडू नका, कितीही घाई असो, फोनच्या मोबाईल डेटावर करा.

शक्य असेल तर पासवर्ड टाइपच करू नका. गूगलवर पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोननेच लॉगिन करायची सोय, लावलेली असेल तर पीसीवर क्यूआर येतो, तो आपल्या फोनने स्कॅन करून बोटाने किंवा चेहऱ्याने मंजूर करायचं, कीबोर्डवरून काहीच जात नाही, म्हणजे चोरायला पासवर्डच नाही. त्यासाठी पीसीला ब्लूटूथ लागतं, जुन्या डबड्यांवर चालत नाही. मग दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर एक कोडही मागतात ते, तरी चालू असू द्या. आणि कोड टाकताना तिथे या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका अशी एक टिक आधीच लावलेली असते, घाईत ती तशीच राहते, ती काढायची. फोन हरवल्यावर किंवा बंद पडल्यावर काय, तर गूगल १० बॅकअप कोड देतं, ८ आकडी, एक कोड एकदाच चालतो. ते छापून पाकिटात ठेवले तर ऐनवेळी उपयोगी पडतात आणि कुणी बघितला तरी वापरलेला कोड परत चालत नाही.

क्रोमने पासवर्ड सेव्ह करू का विचारलं तर नको म्हणा. आणि साध्या खिडकीत जीमेल उघडल्यावर क्रोम जर सिंक चालू करू का विचारत असेल तर तिथे अजिबात हो म्हणू नका, तुमच्या फोनमध्ये सेव्ह असलेले सगळे पासवर्ड त्या पीसीवर उतरू शकतात. मी काउंटरला असताना हे मला माहीत नव्हतं, एकदा क्रोमच्या सेटिंगमध्ये सहज गेलो तर कुण्या शिक्षकांचे साठ-सत्तर साइटचे पासवर्ड दिसत होते. मी काढून टाकलं आणि त्यांना मेल केला, पण त्यांच्या आधी आणि नंतर त्या खुर्चीत किती जण बसले असतील.

अटॅचमेंट शक्यतो मेलमध्येच प्रिव्ह्यूत उघडून तिथूनच प्रिंट द्या. डाउनलोड केलीच तर डाउनलोड्स, डेस्कटॉप, रिसायकल बिन तिन्ही बघा. पासवर्ड किंवा खाते नंबर कॉपी पेस्ट केला असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही दाबून बघा, क्लिपबोर्ड हिस्ट्री चालू असेल तर शेवटच्या २५ गोष्टी तिथे दिसतात, क्लिअर ऑल करा. प्रिंटरची रांग पण बघा, कागद अडकला म्हणून आपण दुसऱ्या मशीनवर प्रिंट काढतो आणि निघून जातो, मग मागून कुणी कागद भरला की आपली पानं सुरसुर बाहेर.

फॉर्म भरायला बसताना

सीईटी, अकरावी प्रवेश, महाडीबीटीची स्कॉलरशिप, एमपीएससी, हे सगळं तालुक्याच्या गावात कॅफेतूनच भरलं जातं आणि यात एक सवय फार वाईट आहे, पोरं गडबडीत असतात म्हणून भरून देणारा माणूस स्वतःचाच मोबाईल नंबर किंवा स्वतःचाच मेल टाकतो. वाईट हेतूने नाही, ओटीपी पटकन यावा म्हणून. पण मग पासवर्ड बदलायचा ओटीपी त्याच्याकडे, हॉल तिकिटाचा मेसेज त्याच्याकडे, सहा महिन्यांनी दुकान बंद झालं किंवा नंबर बदलला तर पोरगी रडत बसते. त्यामुळे नंबर आपला, मेल आपला, हे आधीच सांगायचं. मेल नसेल तर आदल्या दिवशी घरी फोनवर काढून न्यायचा.

पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत लिहिला जातो, आणि बहुतेक सगळ्यांचा एकच असतो, नाव, ॲट आणि १२३. फॉर्म सबमिट झाला, पावती घेतली, की घरी येऊन फोनवरून पासवर्ड बदला. कॉलेजच्या पसंतीक्रमाच्या वेळी तर हे फारच महत्त्वाचं, तुमचं लॉगिन ज्याच्याकडे आहे तो मुदत संपेपर्यंत क्रम बदलू शकतो, आणि लागणारं कॉलेज ह्याच्यावर ठरतं. मुदत संपायच्या दिवशी एकदा स्वतः उघडून क्रम तपासा.

कंपनीचं काम बाहेरच्या मशीनवर

सेल्सवाले, सर्व्हिस इंजिनिअर, साइट सुपरवायझर, ह्यांना हे रोज लागतं हे मला कळतं. कोटेशनची प्रिंट पाहिजे, क्लायंटच्या गेटवर उभे आहात. तरीही कंपनीचा मेल, ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालतो ते सॉफ्टवेअर), टॅली, जीएसटीचं लॉगिन दुसऱ्याच्या पीसीवर उघडू नका. स्वतःच्या मेलवर बिघडलं तर तुमचं बिघडतं, इथे ग्राहकांचे दर, कामगारांचे आधार, पगार, सगळं तुमच्या भरवशावर आहे. फोनला हॉटस्पॉट लावून आपला लॅपटॉप वापरा, नाहीतर ऑफिसात फोन करून फक्त ती एक फाईल मागवून घ्या. कंपनीच्या मेलने बाहेरच्या मशीनवर स्टे साइन्ड इन विचारलं तर नो. आणि कुणी मदत करतो म्हणून एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर, टाकून दिलं असेल तर काम झाल्यावर ते काढल्याशिवाय उठू नका.

मोठ्या हॉटेलात पाहुण्यांसाठी पीसी आणि प्रिंटर ठेवलेला असतो, जागा एसी, स्वच्छ, त्यामुळे विश्वास बसतो. अमेरिकेत २०१४ च्या जुलैत तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने हॉटेलवाल्यांना मुद्दाम सावध केलं होतं, कारण डॅलसच्या भागात काही जणांनी हॉटेलांच्या बिझनेस सेंटरमधल्या पीसीवर कीलॉगर, म्हणजे कीबोर्डवर दाबलेलं सगळं नोंदवणारा प्रोग्रॅम, टाकून पाहुण्यांचे पासवर्ड गोळा केले होते. कीलॉगर वस्तूच्या रूपातही येतो, कीबोर्डची वायर आणि पीसी यांच्यामध्ये बसवलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा, अँटिव्हायरसला तो दिसत नाही. पीसीच्या मागे हात घालून बघितलं तर सापडतो, पण लॅपटॉपच्या किंवा पीसीच्या आत असेल तर नाही. म्हणून परत तेच, टाइप करायची वेळच येऊ देऊ नका.

हॉटेलच्या टीव्हीवर यूट्यूबचं लॉगिन, भाड्याच्या गाडीला जोडलेलं ब्लूटूथ आणि त्यात उतरलेले सगळे कॉन्टॅक्ट, हे निघताना काढायचं राहून जातं, तेवढं लक्षात असू द्या.

ठेकेदार आणि ग्रामपंचायतवाल्यांसाठी एक वेगळं सांगायचंय. ई-टेंडर भरायला डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागतं, तो पेन ड्राइव्हसारखा तुकडा, आणि तो बऱ्याच जणांचा कायम टेंडर भरून देणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असतो, मागे चिकटपट्टीवर पिन लिहून. ती तुमची सही आहे! माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे तिची किंमत शाईच्या सहीइतकीच आहे, कोरे सही केलेले कागद कुणाच्या ड्रॉवरमध्ये कायमचे ठेवाल का तुम्ही? टोकनसोबत आलेला पिन पहिल्याच दिवशी बदला, काम चालू असताना शेजारी बसा, पिन स्वतः टाका, आणि टोकन खिशात घालून घरी या. वेळ जातो, तरी बसा.

कंपनीच्या आतला कॉमन पीसी

बाहेरच्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते कारण इथे सगळे आपलेच म्हणून कुणी बघत नाही. एमआयडीसीतल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात स्टोअर्समध्ये, गेटवर, शॉपफ्लोअरवर एक पीसी असतो, तिन्ही शिफ्टला एकच लॉगिन, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, आणि पहिल्या शिफ्टच्या सुपरवायझरचं व्हॉट्सॲप वेब रात्रपाळीपर्यंत उघडं. काही चुकीची एन्ट्री झाली की कुणी केली ते कळत नाही आणि बोल भलत्यालाच बसतो, मी एका हेल्परची नोकरी जाता जाता राहिलेली बघितली आहे, एन्ट्री त्याने केलीच नव्हती.

तुमच्या हातात असेल तर प्रत्येकाला विंडोजचं वेगळं युजर द्या, ॲडमिनचे अधिकार कुणालाच नकोत, पाच मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन लॉक होऊ द्या. पाहुण्यांसाठीचा किंवा ट्रेनिंग रूमचा पीसी असेल तर डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर येतं, पीसी रीस्टार्ट केला की सगळं पूर्वीसारखं, कुणी काही ठेवलं असेल ते गेलं. कॉलेजच्या लॅबला हे फार उपयोगी आहे. तुमच्या हातात नसेल तर निदान उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबा, चहाला जाताना पण.

कॉमन प्रिंटरवर पगाराच्या स्लिपा काढायच्या असतील तर पिन टाकल्याशिवाय छापणार नाही अशी सोय बहुतेक मोठ्या मशीनला असते, मशीनवाल्याला विचारून चालू करून घ्या. आणि भाड्याचं झेरॉक्स मशीन परत देताना त्यातली हार्ड डिस्क पुसून घ्या, हो, मोठ्या डिजिटल मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या, स्कॅन केलेल्या पानांच्या प्रती तिच्यात राहू शकतात. न्यूयॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅन नावाच्या आरोग्य विमा संस्थेने भाड्याची मशीनं अशीच परत केली, डिस्कवर रुग्णांची माहिती तशीच, जवळजवळ साडेतीन लाख लोकांची माहिती उघडी पडली असावी असा त्यांचाच अंदाज होता आणि २०१३ मध्ये त्यांना १२ लाख डॉलरच्या वर भरावे लागले. आपल्याकडे पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती कंपनीला लागते.

लॉगआऊट करायचं राहिलं असं रस्त्यात आठवलं तर

परत पळत जायची गरज नाही, फोन काढा. गूगलला अकाउंट, सिक्युरिटी, युअर डिव्हायसेस, तिथे ते मशीन निवडून साइन आऊट. टेलिग्रामला सेटिंग्ज, डिव्हायसेस, बाकीची सगळी सेशन बंद. फेसबुक-इन्स्टाला अकाउंट्स सेंटरमध्ये कुठे कुठे लॉगिन आहे त्याची यादी असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याला सगळीकडून साइन आऊट केलं तरी पूर्ण व्हायला २४ तास लागू शकतात, म्हणून तिथे पासवर्ड पण लगेच बदला. पासवर्ड बदलायचा तो आपल्या फोनवरून, त्याच कॅफेत परत बसून नाही.

कंपनीचं खातं राहिलं असेल तर आयटीला त्याच मिनिटाला फोन करा, रात्री अकरा वाजले असले तरी. आम्ही एका क्लिकवर सगळी सेशन, म्हणजे चालू असलेली लॉगिन, तोडू शकतो, पण माहीत असेल तर. लोक ओरडा बसेल म्हणून सोमवारपर्यंत गप्प राहतात आणि तिथेच घात होतो, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे डेटा फुटल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कंपनीने त्यांना कळवायची असते. आणि साहेब लोकांनाही विनंती, असा फोन करणाऱ्याला पहिल्यांदा शाब्बास म्हणा, चौकशी नंतर करा, नाहीतर पुढच्या वेळी कुणीच फोन करणार नाही.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. १९३० ला जितक्या लवकर फोन तितकी पैसे मध्येच अडवले जायची शक्यता जास्त, त्यामुळे पोलीस स्टेशनला उद्या जाऊ असं करत बसू नका. आधारची धास्ती असेल तर एम-आधारमधून बोटांचे ठसे लॉक करता येतात, दोन मिनिटांचं काम आहे, ठसा द्यायचा असेल तेव्हा थोडा वेळ उघडायचं.

आणि जीमेलमध्ये कुणीतरी शिरलं होतं अशी शंका असेल तर पासवर्ड बदलून थांबू नका. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, तुमचा प्रत्येक मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जाईल असं लावून ठेवलेलं असतं आणि पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतं. रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल आपलाच आहे ना तेही तपासा. फॉरवर्डिंगची सेटिंग फोनच्या जीमेल ॲपमध्ये दिसत नाही, लॅपटॉपवर बघावी लागते, आपल्या किंवा घरच्या कुणाच्या तरी.